उभा ऊस, तुटलेला ऊस आणि मुद्देमालातला कोयता

खुनाच्या तपासावर बेतलेल्या एका मराठी चित्रपटातले दोन सीन एकाच उसाच्या फडात घडतात. पहिल्यात आरोपी रात्री फडात शिरून कोयता लपवतो. दुसऱ्यात, कथेतल्या पाचव्या दिवशी, पोलीस त्याला तिथंच घेऊन येतात आणि तो कोयता काढून देतो. पहिला सीन शूट झाला, चांगला झाला. दुसऱ्याला अजून अवकाश होता, तेवढ्यात शेतमालकाचा फोन आला: साखर कारखान्याची ऊसतोड टोळी उद्या फडात उतरतेय.

पुढं जे घडलं त्याचं हे टिपण. त्या चित्रपटाचा मी मुख्य सहायक दिग्दर्शक. म्हणजे शेड्यूल, कॉल शीट आणि सगळ्या खात्यांच्या शिव्या माझ्याकडे. चित्रपटाचं नाव आणि माणसांची नावं बाजूला ठेवतो. पोलीसपट करायला निघालेल्या, त्यातही गावाकडं कॅमेरा नेणाऱ्या मंडळींना यातलं काही कामाला येईल असं वाटतं, कारण पेच दिसायला लोकेशनचा होता आणि सुटला तो पंचनाम्याच्या कागदावर.

जागा

पोलीस ठाण्याचा सेट आम्ही मोरेवाडीच्या चित्रनगरीत लावला होता. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तिथं सगळं आमच्या हातात होतं. कोल्हापुरात सेट लावणारी माणसं शोधावी लागत नाहीत. 1929 साली प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली, 1933 ला पुण्याला गेली, पण सुतार, पेंटर, मेकअपवाले यांची पोरंबाळं इथंच राहिली. शिवाजी पेठेत चहा प्यायला थांबलात तर शेजारचा माणूस ‘आमचं आजोबा जयप्रभा स्टुडिओला होतं’ असं सांगणारच. आमच्या पेंटरनं ठाणे अंमलदाराच्या टेबलामागचा फळा असा रंगवला होता की एका खऱ्या हवालदारानं सवयीनं त्यावरचे गुन्ह्यांचे आकडे वाचायला सुरुवात केली.

शेत मात्र शिवाजी पूल ओलांडून वडणग्याच्या अंगाला. बांधावर एक मोठा लिंब, कोपऱ्यात विहीर, जनरेटर व्हॅन जाईल एवढा रुंद गाडीरस्ता आणि आत डोक्याच्या वर गेलेला ऊस. कॅमेरामन पहिल्या रेकीलाच खूश झाला. रात्रीच्या सीनमध्ये उसाच्या पानांवर मागून प्रकाश टाकला की माणूस आत शिरताक्षणी दिसेनासा होतो, फक्त पानांची सळसळ पुढं पुढं सरकत जाते. तो शॉट चित्रपटात जसाच्या तसा आहे. सर्पमित्र उभा करून, सगळ्यांना गमबूट घालून तो घेतला होता. आरोपीच्या पायात मात्र चप्पल हवी होती, त्यामुळे तो नट आजही त्या रात्रीबद्दल फारसं चांगलं बोलत नाही.

परवानग्यांचं थोडक्यात. जमीन खासगी, मालकाची लेखी संमती होती. स्थानिक ठाण्याला तारखा, भाड्यानं आणलेल्या बोलेरोचा खरा नंबर आणि वर्दी घालणाऱ्या नटांची यादी दिली होती. पोलिसांची वर्दी अंगावर चढवणं हा आपोआप गुन्हा होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 205 फसवण्याच्या हेतूबद्दल बोलतं. पण रस्त्यावरच्या माणसाला तुमचा हेतू दिसत नाही, त्याला खाकी दिसते. म्हणून बोलेरोवरचे ‘पोलीस’ हे स्टिकर शहरातून जाताना कापडानं झाकायचे आणि नटांनी खाकीवर जॅकेट चढवायचं, असा नियम होता. या नियमाकडं पुढं परत यावं लागेल.

मूळ सीन आणि निवृत्त साहेब

पटकथेच्या पहिल्या खर्ड्यात कोयता सापडण्याचा सीनच नव्हता. होता तो नेहमीचा: लॉकअप, उलटा टांगलेला दिवा, पट्टा, आणि शेवटी आरोपी ओरडतो, ‘व्हय, मीच मारलं!’ कट. पुढं थेट कोर्ट.

सल्लागार म्हणून आमच्याकडं पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक निरीक्षक होते. आयुष्याची बरीच वर्षं गुन्हे शोध पथकात आणि एलसीबीत, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेत, काढलेली. सगळं युनिट त्यांना नुसतं साहेब म्हणायचं. त्यांनी खर्डा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “मग तुमचं कोर्ट कशावर चालणार?”

चित्रपटाचा उत्तरार्ध कोर्टात आहे, त्यामुळे प्रश्न बरोबर जागी लागला. पोलिसापुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात ते कलम 25 होतं; 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये तेच आहे. आरोपी ‘मीच मारलं’ म्हणून गळा फाडून ओरडला तरी न्यायाधीशांपुढं ते वाक्य पोचतच नाही. पोचतं ते एवढंच: त्यानं दिलेल्या माहितीवरून जी गोष्ट उघड झाली, त्या गोष्टीशी थेट जोडलेला माहितीचा तुकडा. जुनं कलम 27 ते हेच. नव्या कायद्यात ते कलम 23 चं परंतुक, म्हणजे त्यालाच जोडलेला अपवाद झालं, पण खात्यात अजून सगळे ‘सत्तावीस’च म्हणतात.

साहेबांनी त्या दुपारी सेटवर आम्हाला प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाच्या, पुलुकुरी कोट्टय्या निकालाची गोष्ट सांगितली. वकिलांना ती पाठ असते, सिनेमावाल्यांना कुणी सांगत नाही. त्या निकालातला मुद्दा असा की आरोपीनं घराच्या छपरात लपवलेला सुरा काढून दिला, म्हणून ‘सुऱ्याचा शोध’ लागत नाही. सुरे जगाला फार पूर्वीपासून माहीत आहेत. शोध लागतो तो याचा, की सुरा तिथं आहे आणि हे या माणसाला ठाऊक आहे. ‘ठाऊक असणं’ हा खरा पुरावा. वस्तू त्याची साक्षीदार.

दिग्दर्शकाला हे ऐकताना डोळ्यापुढं सीन दिसायला लागला असावा. पट्टा गेला, टांगलेला दिवा गेला. त्याऐवजी आला दोन भागांचा पंचनामा. ठाण्यात दोन पंचांसमोर आरोपीचं निवेदन, पोलीस भाषेत मेमोरँडम. त्यात तो म्हणतो की कोयता लपवलेली जागा दाखवतो. मग सगळे त्याच्यामागं जागेवर, आणि तिथं जप्ती. खर्डा नव्यानं लिहिला गेला, आणि आरोपीनं ठाण्यात सांगितलेलं वाक्य ठरलं: “विहिरीकडनं सातवी सरी, लिंबाच्या समोर.”

या वाक्यावर पुढं सगळं उभं राहिलं. तेव्हा कुणाला कल्पना नव्हती.

टोळी

शहरातून आलेल्या निर्मात्याला आधी वाटलं, पैशाचा प्रश्न आहे. शेतकऱ्याला दोन पैसे जास्त देऊ, आठवडाभर ऊस उभा ठेवायला सांगू. ज्यानं कधी उसाची तोड मिळवली नाही त्यालाच असं वाटू शकतं.

कारखान्याकडं उसाची नोंद लागणीच्या तारखेप्रमाणं होते आणि तोडणीचा कार्यक्रम त्यावर ठरतो, निदान कागदावर. प्रत्यक्षात चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, मागं फिरावं लागतं, मुकादमाचं मन राखावं लागतं, आणि खुशाली (वरचे पैसे) हा शब्द कुठल्याच पावतीवर नसला तरी ती द्यावी लागते. पक्व ऊस जास्त दिवस उभा राहिला की तुरा येतो, वजन घटतं. तो तुटल्याशिवाय खोडव्याची, म्हणजे बुडख्यातून परत फुटणाऱ्या उसाची, भरणी होत नाही, पाणी देता येत नाही. टोळी एकदा दुसऱ्याच्या फडात गेली की परत कधी येईल ते तिचा मुकादमही सांगू शकत नाही. आमच्या मालकांनी निर्मात्याला सगळं एका वाक्यात सांगितलं: “पाव्हणं, तुमचा पिक्चर पुढल्या महिन्यात बी हुईल, माझी टोळी परत यायची न्हाई.”

यावर बोलणं संपलं. मालकांचं चुकत नव्हतं, आणि त्यांना आग्रह करत बसणं मला तरी लाजिरवाणं वाटलं असतं.

राहिले तीन रस्ते.

पहिला, दुसरं शेत. शेजारच्या गावात उभा ऊस भरपूर होता. पण लिंब, विहीर आणि बांध यांचं नातं रात्रीच्या सीनमध्ये स्पष्ट दिसलेलं होतं. शिवाय कोल्हापूर, सांगली पट्ट्यातला प्रेक्षक मोटारसायकलवरून जाताना ऊस 86032 जातीचा आहे की 265, हे ओळखतो. मुंबईच्या एडिटरला हे विनोदी वाटलं. आमच्या स्पॉटदादाला वाटलं नाही.

दुसरा रस्ता दिग्दर्शकाला स्वतःलाच सुचला आणि ऐकताना जबरदस्त होता. टोळी आलीच आहे ना? मग कोयता टोळीलाच सापडू दे. ऊस तोडता तोडता एका बाईच्या हाताला तो लागतो, रक्ताचा डाग, किंकाळी, सगळे गोळा. शूट करायलाही सोपं. कॅमेरामन लगेच लेन्स मोजायला लागला.

साहेब म्हणाले, “घ्या की. फक्त मग आरोपीला सोडून द्या.”

ते खरंच होतं. मजुरांना आधी सापडला तर आरोपीच्या माहितीवरून काही उघड झालं असं म्हणायची सोयच राहत नाही. कोयता मिळाला, पण ‘याला ठाऊक होतं’ हे गेलं. उत्तरार्धातली पंचाची साक्ष, उलटतपास, फितूर होणारा पंच, सगळ्याला आधार देणारा खांबच काढल्यासारखं झालं असतं. दिग्दर्शकानं एकदाच विचारून पाहिलं की प्रेक्षकाला एवढं कळतं का. लेखक म्हणाला, प्रेक्षकाला नाही कळलं तरी आपल्याच सिनेमातल्या बचावाच्या वकिलाला कळायला पाहिजे. माझ्या मते त्या महिन्यातलं हे सगळ्यात शहाणं वाक्य होतं.

मग उरलेला तिसरा रस्ता आपोआप दिसायला लागला. टोळी उतरू द्यायची. ऊस तुटू द्यायचा. आणि अर्धा फड मोकळा झाल्यावर आरोपीला आणायचं. कथेत वेळ जुळत होती: रात्री लपवलं, तिसऱ्या दिवशी अटक, पाचव्या दिवशी निवेदन, दरम्यान तोड आली. खुणेसाठी उभा ऊस नाही. सगळीकडं पाचट, उसाची वाळलेली पानं. ज्या अंधारात आणि आडोशात त्यानं कोयता लपवला ती जागाच जगातून नाहीशी झालेली. आता त्याला ती परत शोधून द्यायचीय.

साहेबांना हे आवडलं, पण दोन अटी घातल्या. पोलीस आल्याबरोबर त्या बाजूची तोड थांबवतील, हे दिसलं पाहिजे. आणि आरोपी सगळ्यांच्या पुढं चालेल. शेवटपर्यंत.

शूटिंगचा दिवस

सकाळी नदीकडून धुकं होतं. ते उतरेपर्यंत क्लोजअपची तयारी करायची आणि मग मास्टर, म्हणजे सगळा सीन एकत्र दिसणारा शॉट, असं कॉल शीट होतं. टोळी बीड जिल्ह्यातली होती. आदल्या संध्याकाळी प्रॉडक्शन मॅनेजर मुकादमाशी बोलून आला होता: काम थांबेल तेवढ्या वेळेची भरपाई, ज्यांना फ्रेममध्ये यायचं त्यांनाच घ्यायचं, पोरंबाळं फ्रेमच्या बाहेर. टोळीला पैसे टनावर मिळतात, म्हणून भरपाईही तासावर न ठेवता टनाच्या अंदाजानं ठरली. हे सगळं नीट झालं होतं.

तरी गोंधळ झालाच. बोलेरोचा ड्रायव्हर शेताजवळ आल्यावर स्टिकरवरचं कापड काढून थेट गाडीरस्त्यानं आत शिरला, आणि आत बसलेल्या दोन नटांनी गरम होतंय म्हणून जॅकेट काढलेली. फडातला सगळा आवाज बंद झाला. कोयते खाली आले. दोन बाया पोरांना घेऊन ट्रॉलीच्या पलीकडं गेल्या. आदल्या दिवशी बोलणं झालेला मुकादम ट्रॅक्टरबरोबर कारखान्यावर गेला होता. जो पुढं आला तो दुसराच एक वयस्कर माणूस. हात जोडून म्हणाला, “सायेब, आमच्यातल्या कुनी काय केलं का?”

ज्याला त्यानं साहेब म्हटलं तो आमचा पीएसआय. पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीवरचा अतिशय सभ्य मुलगा. दोन तारे, लाल-निळी फीत, सगळं बरोबर, फक्त उत्तर काय द्यावं ते त्याला येईना. तो खुर्चीतून उठल्यासारखा गाडीतून उतरला आणि त्यानंही हात जोडले. आमचे खरे साहेब मागच्या गाडीतून आले, त्या माणसाला बाजूला घेऊन बसले, तंबाखू मळली, कॅमेरा दाखवला. पाऊण तास गेला. त्यानंतर नियम बदलला: खाकी रिहर्सल सुरू होताना उघडी करायची, आणि त्याआधी वर्दीतल्या प्रत्येक नटानं साध्या कपड्यात जागेवरच्या माणसांना भेटून यायचं. कॉल शीटवर त्यासाठी वेगळी वेळ लिहिली जाऊ लागली. ज्या युनिटमध्ये पोलीसपट चाललाय तिथं हे करावंच, असं माझं स्पष्ट मत आहे. परमिशनच्या पत्रानं पोलीस समजून घेतात, मजूर नाही.

आता सीन.

हवालदाराची भूमिका करणारा नट कागल भागातला, घरी ऊसच. रिहर्सलला आरोपी लिंबापाशी थांबून चाचपडत होता, तर हा गडी सवयीनं पुढं झाला आणि बोटानं सऱ्या मोजू लागला. लांबून साहेबांचा आवाज आला, “मागं! मागं हो की. आरोपी पुढं!” त्यांना चीड आली होती, अभिनयाची नाही, खऱ्या नोकरीतली. पोलिसानं आधी मोजलं की पंचाला कोर्टात विचारणार: जागा नक्की कुणी दाखवली? संपला विषय.

त्या एका ओरडण्यातून सीनची हालचाल ठरली. आरोपी पुढं, हातात बेडी, तिची दोरी शिपायाच्या हातात. त्याच्यामागं पीएसआय, मग दोन पंच, दोघेही सरकारी कर्मचारी, कारण गंभीर गुन्ह्यात पोलीस हल्ली तसेच पंच घेतात. सगळ्यात मागं रायटर, म्हणजे कागद लिहिणारा पोलीस, काखेत फाइल. हवालदाराला ठाऊक आहे सातवी सरी कुठली. सगळ्यांच्या आधी त्याला दिसलीय. पण तो बोलू शकत नाही. नटानं नंतर सांगितलं की गप्प उभं राहणं एवढं अवघड कधी गेलं नव्हतं, आणि पडद्यावर ते दिसतं.

आरोपी विहिरीकडून मोजायला लागतो. उभ्या उसात सरी पायाला कळते. दोन्ही बाजूला ऊस, मधून वाट. तोड झाल्यावर पाचटाची जाड गादी पसरते आणि सगळं सपाट दिसतं. तो पायानं पाचट बाजूला सारतो, बुडखे शोधतो, एक ओळ, दुसरी ओळ. चौथ्याला चुकतो. परत विहिरीपाशी. पीएसआय घड्याळाकडं बघतो. दुसऱ्यांदा मोजताना तो लिंबाकडं तोंड करून उभा राहतो, बेडी घातलेले हात समोर धरतो, लिंबाचा बुंधा आणि आपली हनुवटी एका रेषेत आणतो, मग खाली बसतो. पाचटात हात घालतो. मातीत दाबलेली लाकडी मूठ आधी वर येते.

संवाद जवळपास नाही. दिग्दर्शकानं लिहिलेले सगळे काढून टाकले.

मधेच एकदा ट्रॅक्टर आला. कारखान्याच्या रस्त्यावरचे ट्रॅक्टर ज्या आवाजात गाणी लावतात त्याच आवाजात. साउंडवाल्यानं हेडफोन काढून जमिनीवर ठेवला आणि नुसता बघत बसला.

कोयता, आणि फडातली एक बाई

हा कोयता आर्ट डिपार्टमेंटनं आणलेला. दोन प्रती: एक खरा बोथट केलेला, एक फायबरचा. सापडल्यावर पीएसआय तो पंचांना दाखवतो, रायटर लिहितो. तेवढ्यात बघायला उभ्या असलेल्या टोळीतल्या एका बाईनं शेजारणीला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “ह्या कोयत्यानं कुठं ऊस तुटतोय का?”

आर्ट डिरेक्टरचा चेहरा उतरला. तिचं बरोबर होतं. आमचा कोयता परसातला, नारळ सोलायचा, सरपण फोडायचा. तोडणीच्या कोयत्याचं पातं, वजन, मूठ सगळंच निराळं. हातातला कोयता हा त्या लोकांचा पोटाचा विषय आहे. टोळीत माणसं मोजायची ती कोयत्यातच, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. त्यांच्यापुढं हे खपणार नव्हतं. आणि बदलायची सोय नव्हती, कारण रात्रीच्या सीनमध्ये तोच कोयता पडदाभर दिसला होता.

साहेब मात्र हसायला लागले. म्हणाले, हेच तर पाहिजे. बचावाचा वकील पहिला प्रश्न काय करणार? फडात चाळीस माणसं, प्रत्येकाच्या हातात कोयता; हा मुद्देमाल त्यातलाच कुणाचा राहिलेला नाही कशावरून? त्याचं उत्तर त्या बाईनं दिलंय. हा तोडणीचा कोयताच नाही. इथं असण्याचं त्याला काही कारण नाही.

लेखकानं त्या रात्रीच कोर्टाचा सीन उघडला. टोळीतली एक बाई साक्षीदार म्हणून आली, आणि तिच्या तोंडी ते वाक्य जवळपास तसंच आहे. दुसरा मुद्दाही तिथं बसला. शेत म्हणजे सर्वांना खुली जागा, मग जप्तीला काय अर्थ, असा युक्तिवाद बचाव पक्ष नेहमी करतो. हिमाचल प्रदेश विरुद्ध जीतसिंग या 1999 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर सांगितलंय की जागा खुली आहे का एवढंच बघायचं नाही. वस्तू इतरांना सहज दिसत होती का, हे बघायचं. इथं चाळीस माणसं तिच्यावरून चालून गेली आणि कुणाला दिसली नाही. उभा ऊस असता तर हा युक्तिवाद एवढा धारदार झालाच नसता.

पंचनाम्यात कोयत्याचं वर्णन त्यामुळे वाढलं: पात्याची लांबी, मुठीला बांधलेली सुतळी, पात्यावरचा गंज, डाग. रायटर हे बोलत बोलत लिहितो आणि कॅमेरा कोयत्यावरून सरकतो. मग खाकी कागद, दोरा, लाख. लाख वितळवायला मेणबत्ती. फडात वारा, मेणबत्ती विझायची, शिपाई टोपीनं आडोसा करायचा, परत विझायची. पाचटाच्या गादीवर मेणबत्ती नको म्हणून पाण्याचे ड्रम शेजारी ठेवले होते. दिग्दर्शक वैतागून कट म्हणणार होता. साहेबांनी खूण केली, चालू दे. प्रत्यक्षात असंच होतं म्हणे, सील लावायला खून करायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. चित्रपटात दोनदा विझलेली मेणबत्ती आहे.

शिपायाच्या मोबाईलमधलं चित्रण

झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नं सक्तीचं आहे, मोबाईलवर केलं तरी चालतं. म्हणून सीनमध्ये एक शिपाई सगळा वेळ मोबाईल धरून चालतो. आम्ही त्या मोबाईलमध्ये खरंच रेकॉर्डिंग सुरू ठेवलं. उभी, हलणारी, वाऱ्याचा आवाज भरलेली फ्रेम. कोर्टाच्या सीनमध्ये तीच वाजवली जाते. त्यात आरोपी चौथ्या सरीला चुकतो ते दिसतं, आणि बचावाचा वकील नेमका तिथं थांबवतो: माहीत होतं तर चुकला का? सरकारी वकील म्हणतो, कुणी शिकवून आणला असता तर चुकला असता का?

हा प्रसंग कुठल्याच खर्ड्यात नव्हता.

एक छोटी भर, कारण सेटवर यावर फार वाद झाला. कथा 1 जुलै 2024 नंतरची, म्हणजे खुनाचं कलम न्याय संहितेतलं 103(1). कागदावर सगळीकडं तेच आहे. पण संवादात म्हातारा हवालदार जुन्या दंड संहितेतलं ‘तीनशे दोन’च म्हणतो, आणि कुणी त्याला दुरुस्त करत नाही. बघणाऱ्यातल्या काहींना ती चूक वाटेल. वाटू दे.

एडिटिंग

पहिल्या कटमध्ये हा सीन लांब वाटला आणि एडिटरनं दुसऱ्या पंचाचा शॉट काढला: सही करण्याआधी तो कागद पुरता वाचतो, एका ओळीवर बोट ठेवतो, रायटरला काहीतरी विचारतो, मग सही करतो. शॉटमध्ये काहीच घडत नाही, हे खरं. पण पुढं फितूर होणारा पंच तोच. कोर्टात तो म्हणतो, पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली. तो वाचताना प्रेक्षकानं पाहिलंच नसेल तर तो खोटं बोलतोय हे कळायचं कसं? शॉट परत आला. त्याच्या बदल्यात कॅमेरामनचा आवडता, भरलेल्या ट्रॉलीमागून बोलेरो उगवण्याचा शॉट गेला. तो अजून बोलत नाही एडिटरशी.

रात्रीचा उभा ऊस आणि दिवसाचा तुटलेला ऊस यांना जोडायला वेगळं काही लागलं नाही. लिंब दोन्हीकडं आहे.

साहेबांची एक तक्रार मात्र राहिली. पंचनामा सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ रायटर मोठ्यानं वाचताना ऐकू यायला हवी होती, असं त्यांचं म्हणणं. डबिंगमध्ये ती टाकून बघितली. पीएसआयच्या चेहऱ्यावरच्या शांततेवर ती आदळत होती, म्हणून दिग्दर्शकानं काढली. साहेबांनी ते मान्य केलेलं नाही.